अप्रिय सत्य टाळणे हा धर्म की पळवाट?

शमीपत्र :

वडिलांना कर्करोग झाल्याचे निदान झाले, तेव्हा त्यांना काहीही कळू द्यायचे नाही असे आम्ही भावंडांनी एकमताने ठरवले. अहवालाचा कागद फाइलमधून काढून ठेवला आणि ‘आतड्याला सूज आहे, औषधाने उतरेल’ असे त्यांना सांगितले. मात्र उपचारांसाठी ज्या विभागात त्यांना नेत होतो, त्याच्या दारावरची पाटी मोठ्या अक्षरांत होती आणि वडिलांची नजर शेवटपर्यंत चांगली होती. ती पाटी त्यांनी वाचली असणार. पण त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही, आणि उरलेले पाच महिने एका घरातली माणसे एकमेकांशी सुजेबद्दल बोलत राहिली.

त्या काळात मी मनाची समजूत ‘न ब्रूयात् सत्यमप्रियम्’ या मनुस्मृतीतील वचनाने घालत होते. आज कळते की मी श्लोक अर्ध्यावर सोडत होते. त्याचा पुढचा चरण ‘प्रियं च नानृतं ब्रूयात्’ असा आहे, म्हणजे गोड वाटते म्हणून खोटेही बोलू नये. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर ही सगळी विशेषणे एकाच वाक्याला लावली आहेत. त्यांतले सोयीचे उचलावे आणि बाकीची सोडावीत अशी मुभा तिथे दिलेली नाही. करुणेच्या नावाखाली आपण जे खोटे बोलतो, ते बहुतेक वेळा समोरच्याचे रडणे आपल्याला पाहवत नाही म्हणून बोलतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पूर्वपक्ष :

आपला अनुभव वाचून वाईट वाटले, तरीही निष्कर्ष पटत नाही. आपल्या परंपरेने सत्याला फार वर बसवले हे खरे. तैत्तिरीय उपनिषदात गुरू निरोप देताना शिष्याला प्रथम ‘सत्यं वद’ हेच सांगतो. परंतु त्याच परंपरेने आंधळ्या सत्यनिष्ठेचे काय होते हेही दाखवून ठेवले आहे. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा आहे. नेहमी खरेच बोलायचे हे त्याचे व्रत होते. दरोडेखोरांना भिऊन काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली, मागावर आलेल्यांनी विचारताच त्याने खरे ते सांगून टाकले, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही कथा श्रीकृष्ण सांगतो, तीही प्रतिज्ञा खरी करण्यासाठी धर्मराजावर तलवार उपसून उभ्या राहिलेल्या अर्जुनाला. शांतिपर्वात नारद शुकाला सांगतात की भूतमात्रांचे जे अत्यंत हित, तेच मला सत्य वाटते. लोकमान्य टिळकांनीही 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात, हा प्रश्न सविस्तर तपासला आहे.

माझ्या आजीने दुखणे वाढू लागताच आम्हाला बजावले होते, ‘डॉक्टर काय म्हणतात ते तुमच्यापाशीच ठेवा.’ आम्ही तिचे ऐकले. ती शेवटपर्यंत सकाळी उठून पोथी वाचत होती. तिच्यापुढे खरे मांडून आम्ही कोणते पुण्य जोडले असते?

अन्वय :

दोघांनीही ‘खरे बोलणे’ म्हणजे वस्तुस्थितीशी जुळणारे शब्द उच्चारणे, एवढाच अर्थ धरला आहे. योगसूत्रांत सत्य हा अहिंसेनंतरचा दुसरा यम, म्हणजे पाळायचे व्रत, आहे आणि त्यावरील व्यासभाष्य अधिक बारकाईने पाहते. वाणी आपले ज्ञान दुसऱ्याकडे पोहोचवण्यासाठी आहे, तेव्हा ती फसवणारी, भ्रांत किंवा अर्थशून्य नसावी. आणि तिच्याने प्राण्यांचा घात होत असेल, तर ते सत्य नव्हे, पुण्याचा केवळ आभास होय, असे ते सांगते. युधिष्ठिराचे ‘नरो वा कुंजरो वा’ या कसोटीवर उतरत नाही, कारण अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मेला होता, तरी द्रोणाचार्यांची समजूत चुकावी हाच त्या वाक्याचा हेतू होता. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्यानंतर खाली टेकला. युद्ध जिंकून देणारे ते वाक्य होते आणि बोलायला लावणारा साक्षात श्रीकृष्ण होता, तरीही व्यासांनी ही नोंद गाळली नाही.

शमीपत्र :

पूर्वपक्ष, आपल्या आजीबद्दल माझा आक्षेप नाही. तिने स्वतःच मौन मागितले आणि तुम्ही ते पाळले. त्यात खोटे कुठेच आले नाही. पण कौशिकाच्या कथेचा आधार घेताना श्रीकृष्णाने लावलेला क्रम वगळू नये. न बोलता सुटका होत असेल तर मुळीच बोलू नये आणि बोलणे भागच पडले, किंवा गप्प राहिल्याने संशय येणार असेल, तरच असत्य बरे, असे तो सांगतो. शिवाय तिथे विचारणारे दरोडेखोर होते. माझे वडील कोणाच्या जिवावर उठले नव्हते. ज्या देहाबद्दल त्यांना कळायला हवे होते, तो त्यांचाच होता.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, ‘बँकेच्या खात्यावर तुझ्या आईचे नाव लागले आहे ना?’ मी म्हणाले, ‘बाबा, आता हे कशाला काढता, तुम्ही बरे होणार आहात.’ त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले, ‘बरं’ म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यांना जे बोलायचे होते, ते बोलण्याची वाट मी त्या एका वाक्याने बंद केली.

पूर्वपक्ष :

यावर माझ्याजवळ उत्तर नाही. तरीही ज्याने मौन मागितलेले नाही, पण ज्याचा धीर ऐकताक्षणी सुटेल याची घरच्यांना खात्री आहे, अशा माणसापुढे मी आजही थांबेन. ती खात्री खरी की आपल्याच भीतीतून आलेली, हे मात्र आधी तपासून पाहीन. आपले लिखाण वाचण्यापूर्वी मला ते सुचले नव्हते.