अनुभव धागा : तुमच्या लिहिण्याला तुमचा सूर कधी लागला?

मागच्या आठवड्यात जुने कागद आवरताना मला माझंच एक पत्र सापडलं. ताई लग्न होऊन गेली त्या वर्षीच्या पहिल्या पावसात तिला लिहिलेलं, आणि न पाठवलेलं. त्यात एक वाक्य होतं : "पाऊस आला आणि दोरीवरचे कपडे काढायला आईनं सवयीनं तुलाच हाक मारली."

त्याच गठ्ठ्यात त्याच पावसावरचा माझा एक लेखही होता. त्याची सुरुवात अशी : "वर्षा ऋतूच्या आगमनाने अवघी सृष्टी न्हाऊन निघाली."

अक्षर एकच, शाईसुद्धा एकच. लेख कोणीही लिहिला असता. पत्र मात्र माझं होतं. बराच वेळ दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले होते.

शैली हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही, कारण शैली म्हटलं की आपण लगेच वाक्यं सजवायला लागतो. सूर म्हणजे नाव झाकलं तरी ओळखीच्या माणसाला "हे हिचं" असं कळावं, ते. माझ्यापुरतं मला एवढं उमगलंय की कोणाशी बोलतेय हे पक्कं झालं की तो सूर लागतो. सृष्टी न्हाऊन निघाल्याचं मी ताईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बरं, मग? आई कशी आहे?" म्हणून हल्ली लिहायला बसले की कागदाच्या वर पेन्सिलीनं "ताई," लिहिते आणि सगळं झाल्यावर खोडते. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं तेव्हाही हेच केलं. भिंग कसं बसवतात हे तिला समजेल असं सांगता सांगता माहितीचा लेखही माझ्या आवाजात झाला.

तुमचं कसं झालं? अजून सापडला नसेल तर तेही लिहा. जमलं तर वाक्य दाखवा, आधीचं आणि नंतरचं. "भरपूर वाचा, सराव करा" हे आपण सगळे करतोच, त्याच्या पुढचं सांगा.

* * *

नोकरीची बावीस वर्षं टिपण्या लिहिण्यात गेली. "प्रस्ताव सादर करण्यात येत आहे", "निर्णय घेण्यात आला". या भाषेला मी नावं ठेवणार नाही, कार्यालयात तिची गरज असते. पण तिच्यात माणूस नसतो. कोणी केलं हे न सांगता वाक्य पुरं होतं.

निवृत्त झाल्यावर वडिलांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल लिहायला घेतलं. पाच पानं झाली. बायकोनं वाचली आणि विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?"

परत वाचलं. पाच पानांत "मी" दोनदा आला होता. आणि तिसऱ्या पानावर हे वाक्य होतं : "त्यांना पुन्हा अतिदक्षता विभागात न हलवण्याचा निर्णय घेण्यात आला."

तो निर्णय मी घेतला होता. कागदावर सही माझी होती. त्या वाक्याच्या जागी "मी नको म्हणालो" एवढे तीन शब्द लिहायला मला चार दिवस लागले. ते लिहिल्यावर पुढची पानं तशीच ठेवणं शक्यच नव्हतं, कारण आता ती नको म्हणालेल्या मुलाची पानं होती. सगळी नव्यानं लिहिली. पाचाची तीन झाली.

आता काहीही लिहून झालं की "-ण्यात आले", "-ण्यात येते" शोधतो आणि प्रत्येकाला विचारतो : कोणी? उत्तर "मी" असेल तर तसं लिहितो. कधी कधी उत्तर लिहायचं धाडस होत नाही. मग तो मजकूर बाजूला ठेवतो.

* * *

एका आवडत्या लेखकाची मी दोन वर्षं मनापासून नक्कल केली. मला त्याचा पश्चात्ताप नाही. वाक्य कुठे तोडायचं, परिच्छेद कुठे सोडायचा, हे तिथेच शिकलो. मी यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो. त्यावर लिहायला लागलो आणि नक्कल आपोआप सुटली. बेअरिंग जायच्या बेतात असलं की आधी हाताला थरथर लागते आणि मग घरघर ऐकू येते. त्याबद्दल त्या लेखकांनी काहीच लिहिलेलं नव्हतं. उसनं घ्यायला कुठे मिळेना, मग स्वतःचं काढावं लागलं.

* * *

"बोलता तसं लिहा" हा सल्ला मला इतक्यांनी दिला की शेवटी तो पारखून पाहायचं ठरवलं. मुलीला एक प्रसंग सांगितला आणि सांगताना मोबाइलवर रेकॉर्ड केलं. सात मिनिटं. मग एकही शब्द न गाळता उतरवून काढलं.

"म्हणजे" सव्वीस वेळा. "आणि मग" एकोणीस वेळा. निम्मी वाक्यं अर्धवट सोडलेली. ऐकताना मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कागदावर मात्र तो प्रसंग निर्जीव पडला होता. आवाजातला चढउतार, हातवारे, मध्येच थांबणं, यातलं कागदावर काहीच उतरलं नाही. त्यामुळे "बोलता तसं" हे मला अर्धंच पटतं.

मग दुसरा अर्धा भाग कुठून आणायचा? मी माझा एक जुना लेख घेतला आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारली. एका पानावर चोवीस वाक्यं, त्यातली सतरा होता-होती-होते वर संपलेली. कर्ता, कर्म, क्रियापद हा शाळेतला क्रम मी कधी मोडलाच नव्हता. बोलताना मात्र सर्रास मोडते. "ती शेवटपर्यंत आली नाही" ही झाली बातमी. "आली नाही ती शेवटपर्यंत" यात रुसवा आहे. शब्द तेच, फक्त क्रियापद पुढे आलं. मराठीत प्रत्ययच सांगतात कोण काय ते, त्यामुळे शब्द हलवायची पुष्कळ मोकळीक आहे, आणि मी ती वापरत नव्हते.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले छोटे शब्द. नुसता एक "च" घ्या :

मीच तिला सांगितलं.
मी तिलाच सांगितलं.
मी तिला सांगितलंच.

पहिल्यात कबुली आहे, दुसऱ्यात विश्वास, तिसऱ्यात न राहवणं. बोलताना हे आवाजानं होतं, लिहिताना "च" ची जागा ते करते. तसंच "येते ना", "येते की", "येते तर". हे शब्द मी वर्षानुवर्षं फाफटपसारा समजून काढून टाकत होते! संपादन म्हणजे लहान शब्द उडवणं, असं कोणीतरी शिकवलेलं. आता मी "म्हणजे" उडवते आणि "च", "ना", "तर" यांना हात लावण्याआधी वाक्य मोठ्यानं वाचते.

एक इशारा मात्र देते. क्रियापद पुढे आणायची सवय लागली की सगळीच वाक्यं तशी येतात आणि मग तो लकबीचा भाग होतो. पानात दोन-तीन, त्याहून जास्त नको.

* * *

(धागाकर्ती) रेघा मारायचं आत्ताच करून पाहिलं. वरच्याच पावसाच्या लेखावर. वीसपैकी तेरा. ताईच्या पत्रात वीसपैकी चार. तुमचे मनापासून आभार.

* * *

माझा प्रश्न सुराच्या आधीचा होता : कोणत्या भाषेत?

आजी "म्या", "व्हतं", "न्हाई" म्हणायची. मीही तेच बोलत शाळेत गेलो आणि निबंधाच्या वहीत तांबड्या शाईनं भरलेली पानं घेऊन परत आलो. मग इतका सुधारलो की पत्रातसुद्धा "केले", "होते", "नव्हते" लिहायला लागलो. लिहिणं शुद्ध झालं आणि त्यात आजी येईनाशी झाली. तिच्यावर तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा कागदावर कोणी परकी, सुशिक्षित बाई उभी राहिली.

नंतर दुसरं टोक गाठलं. सगळंच घरच्या बोलीत लिहिलं. पण मी आता रोज ती बोली बोलत नाही, माझ्या मुलांशी तर नाहीच. बहिणीनं वाचून सांगितलं, "दादा, हे तू बोलत नाहीस, बोलून दाखवतोयस." तिचं खरं होतं.

या काळात मला दोन गोष्टींनी आधार दिला. एक बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या रचत गेल्या, घरच्यांनी काही उतरवून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या कविता पुस्तकरूपानं आल्या, त्याच बोलीत. त्यांनी ती बोली निवडली नव्हती, त्यांच्याजवळ तीच होती. मला वाटतं, म्हणूनच ती दाखवल्यासारखी वाटत नाही. दुसरा आधार अनपेक्षित होता, शुद्धलेखनाच्या नियमांचा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांचं मला लहानपणापासून भय. ते मोठेपणी पहिल्यांदा नीट वाचले, तर पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा तिथे आहे! आजीला "न्हाई" म्हणू द्यायला कोणाची आडकाठी नव्हतीच.

आता निवेदन "केलं", "होतं" मध्ये लिहितो, कारण मी आज तसाच बोलतो. आजी तिच्या बोलीत बोलते. आणि तिचे काही शब्द मी माझ्या निवेदनातही ठेवतो, ज्यांना बदली शब्द मिळत नाही ते. ती "येरवाळी ये" म्हणायची. "लवकर ये" असं लिहिलं तर त्यात घड्याळ येतं. "येरवाळी" म्हटलं की उंबऱ्यात उभी राहून उजेड सरायच्या आत वाट बघणारी आजी दिसते. त्या शब्दाचा अर्थ मी कंसात देत नाही. मागचंपुढचं वाचून कळतो.

* * *

धागाकर्तीनं म्हटलंय की कोणाशी बोलतोय हे ठरलं की सूर लागतो. माझ्या बाबतीत उलटं झालं. कोण वाचणार हे मला नको इतकं पक्कं ठाऊक होतं.

सासूबाई वाचणार, नणंदा वाचणार, ऑफिसातले दोघं-तिघं वाचणार. लिहिताना त्या सगळ्या मागे उभ्या असल्यासारखं वाटायचं. मग वाक्यं गोड व्हायची. "थोडंसं वाईट वाटलं", "तसा काही त्रास नव्हता", "सगळ्यांनीच सांभाळून घेतलं". बाळंतपणानंतरच्या वर्षाबद्दल मी तीन लेख लिहिले आणि तिन्हींत मी आनंदात होते. ते वर्ष मी न्हाणीघरात नळ सोडून रडण्यात काढलं होतं.

एक वही आणली आणि त्यावर ठरवून लिहिलं : ही कोणालाच दाखवायची नाही. सुरुवातीचे दोन महिने त्या वहीतसुद्धा "थोडंसं" येत राहिलं. इतकी ती सवय हाडात मुरलेली. मग एका रात्री "नळाचा आवाज मोठा होता म्हणून बरं" असं वाक्य आलं आणि मी पेन खाली ठेवलं. त्या वाक्यात कोणावर आरोप नव्हता, रडणं हा शब्दही नव्हता. पण ते खरं होतं.

वर्षभरानं त्या वहीतली चार पानं जाऊबाईंना वाचायला दिली. त्या म्हणाल्या, "तू बोलतेस तसं हे नाही गं. तू गप्प बसतेस ना, तेव्हा मनात जे चाललेलं असतं, ते आहे."

त्यामुळे वर रेकॉर्ड करून पाहणाऱ्या ताईंशी मी सहमत आहे. बोलण्यातला आवाज आणि लिहिण्यातला आवाज एकच असतो असं मलाही वाटत नाही. माझा बोलण्यातला आवाज तर फार सांभाळून बोलणाऱ्या बाईचा आहे.

सासूबाईंनी ती पानं नंतर वाचली. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी उठून त्यांनी बाळाला आंघोळ घातली. त्याबद्दल मी अजून लिहिलेलं नाही, पण लिहिणार आहे.

* * *

वय ७१. सर्वांचे अनुभव वाचले. सूर एकदा सापडला की कायमचा आपला, असं बहुतेकांनी गृहीत धरलेलं दिसतं, म्हणून लिहितो.

तिशीतल्या वह्या काढून बसलो होतो. वाक्यं लांबलचक, एकात दुसरं गुंफलेलं, आणि पानागणिक "निःसंशय". इतकी खात्री मला कशाकशाची होती, आता आठवत नाही. हल्ली माझ्या लिहिण्यात "बहुधा" येतं. त्या वह्यांतला माणूस खोटा नव्हता, तोही मीच. नुसतं वय बोलतंय असंही नाही, कारण याला एक साधं शारीरिक कारणही आहे. चार वर्षांपासून उजवा हात थरथरतो. पेन धरता येत नाही, एका बोटानं मोबाइलवर टाइप करतो. अक्षर शोधेपर्यंत वाक्याचं शेपूट विसरायला होतं. म्हणून वाक्य आखूड करत गेलो. लोक म्हणतात, तुमचं लिहिणं किती नेमकं झालंय.

गेल्या महिन्यात नातीनं बोलून टाइप करायचं दाखवलं. सुरुवातीला संकोच वाटला. मग मनात आलं, ज्ञानेश्वरी तरी कशी झाली? शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वर सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबांनी आदरानं लिहून घेतलं, असं ग्रंथाच्या शेवटी आहे. आणि सांगताना ते श्रोत्यांना सतत जवळ ओढत राहतात, त्यांची क्षमा मागतात, "अवधान द्या" म्हणतात. धागाकर्ती बाईंचं "ताई," तेच असावं बहुधा.

मी नातीला समोर बसवतो आणि बोलतो. ती अभ्यास करत असते, फार लक्ष नसतं तिचं. पण समोर असते. परवा सांगून झालेलं वाचून पाहिलं. वाक्यं पुन्हा लांब व्हायला लागली आहेत.