तिसरा मॉनिटर चालूच होत नाही. एका ग्राफिक्स कार्डावर तीन चालतात ना?

पानउतारा:
नमस्कार मंडळी. पुस्तकांची पानं लावायचं काम करतो. मधल्या स्क्रीनवर पान, डावीकडे लेखकाची मूळ फाइल. एक जुना मॉनिटर पडून होता, तो मेल आणि फॉन्टच्या पॅनेलसाठी उजवीकडे लावू म्हटलं. कार्डाच्या मागे दोन डीव्हीआय, एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट. चार तोंडं आहेत म्हणजे तीन मॉनिटर सहज बसायला हवेत. दोन्ही चोवीस इंची डीव्हीआयवर आहेत. जुन्याला फक्त डीव्हीआय आणि व्हीजीए, म्हणून डिस्प्लेपोर्टवरून डीव्हीआय करणारा छोटा ॲडॉप्टर आणला. विंडोजला तिन्ही दिसतात, १, २, ३ असे चौकोनही येतात. पण तिसऱ्याला एक्स्टेंड करून अप्लाय दाबलं की सेटिंग्ज सेव्ह होऊ शकत नाहीत असा मेसेज. गंमत म्हणजे तिघांपैकी कुठलेही दोन लावा, मजेत चालतात. ड्रायव्हर काढून परत टाकला, केबली अदलूनबदलून पाहिल्या. कार्डच बदलावं लागणार का?

उगाच एक:
एचडीएमआयला स्प्लिटर लावा की. एकातून दोन निघतात. आमच्या सभागृहात दोन पडदे तसेच चालतात.

तांबडी वायर:
स्प्लिटर नको. सभागृहात दोन्ही पडद्यांवर एकच चित्र हवं असतं, तिथे ठीक आहे. यांना तीन वेगळी चित्रं हवीत.

पानउतारा, कार्ड शाबूत आहे. "कुठलेही दोन चालतात" हे लिहिलंत ते बरं केलंत, निम्मं निदान तिथेच झालं. मागे तोंडं किती आणि कार्ड एका वेळी किती मॉनिटर चालवू शकतं, हे दोन वेगळे हिशेब असतात. खोक्यावर पहिला मोठ्या अक्षरात छापतात.

डीव्हीआय आणि एचडीएमआय आतून सख्खे भाऊ. दोघेही चित्राबरोबर पिक्सेल क्लॉक, म्हणजे चित्राचे ठिपके किती वेगाने येताहेत त्याचा ठेका, पाठवतात आणि तो रिझोल्यूशनप्रमाणे बदलतो. ६० हर्ट्झला १९२०×१०८० साठी १४८.५ मेगाहर्ट्झ, १९२०×१२०० साठी साधारण १५४. अशा प्रत्येक क्लॉकसाठी कार्डात एक जनरेटर लागतो आणि त्या पिढीच्या कार्डांत ते दोनच असत. दोन मॉनिटरनी ते अडवले की तिसरा उपाशी. डिस्प्लेपोर्टची तऱ्हा निराळी. मॉनिटर कुठलाही असो, तो ठरलेल्या वेगांनीच पॅकेट पाठवतो (त्या काळात दर लेनला, म्हणजे केबलमधल्या तारांच्या दर जोडीला, सेकंदाला १.६२, २.७ किंवा ५.४ गिगाबिट), त्यामुळे त्या दोन जनरेटरांशी त्याचं काही देणंघेणं नाही.

मग डिस्प्लेपोर्ट वापरूनही गाडी का अडली? कारण तुमचा ॲडॉप्टर बहुधा पॅसिव्ह आहे. तो सिग्नल बदलत नाही. पलीकडे डीव्हीआय आहे एवढंच कार्डाला कळवतो, आणि कार्ड त्याच तोंडातून सरळ डीव्हीआयचा सिग्नल सोडायला लागतं. झाला परत तिसरा क्लॉक. ॲक्टिव्ह ॲडॉप्टरमध्ये चिप असते, ती रूपांतर स्वतः करते, म्हणून कार्डाच्या लेखी तो डिस्प्लेपोर्टच राहतो.

कार्डाचं नाव लिहिलं नाहीत, पण तोंडांची रांग बघता २००९ च्या एचडी ५००० मालिकेच्या किंवा तिच्या नंतरच्या रेडिऑनपैकी वाटतंय. त्या काळातली एनव्हिडियाची जीटीएक्स ४०० किंवा ५०० मालिका असेल तर एका कार्डावर दोनच मॉनिटर, कुठलाही ॲडॉप्टर आणा. एनव्हिडियाकडे चार मॉनिटरची सोय २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून आली. तेव्हा नाव एकदा तपासा.

आता कुणीतरी येऊन ॲक्टिव्ह ॲडॉप्टर घ्या म्हणेल. चूक नाही, पण मी आधी चोवीस इंचीच्या पाठीमागे हात घालून बघेन. ॲडॉप्टर नेहमी बिचाऱ्या जुन्या मॉनिटरच्याच गळ्यात का बांधतात कळत नाही. नव्यापैकी एकाला स्वतःचं डिस्प्लेपोर्ट असेल तर त्याला साध्या केबलने सरळ तिकडे न्या. एक डीव्हीआय मोकळं होईल, ते जुन्याला. ॲडॉप्टर ड्रॉवरमध्ये.

रात्रपाळी:
मदरबोर्डवरही एचडीएमआय असतंच की. तिसरा तिथे लावला तर?

तांबडी वायर:
चालतं, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर. वेगळं कार्ड दिसलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करून टाकतात, बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन परत चालू करावं लागतं. मेल आणि फॉन्ट पॅनेलला पुरेल. फक्त दोन ड्रायव्हर सांभाळत बसावे लागतात, म्हणून माझ्या यादीत तो पर्याय खाली. यूएसबीवरून मॉनिटर चालवणारे डबे त्याच्याही खाली. ते चित्र प्रोसेसरकडून दाबून पाठवतात, मेलला ठीक, पण पान सरकवताना मागे पडतं.

पानउतारा:
कार्ड रेडिऑनच निघालं. आणि मॉनिटरखाली आडवं होऊन टॉर्च मारला तर दोघांनाही डिस्प्लेपोर्ट आहे! तोंड खाली वळलेलं आणि वर रबरी टोपण, इतकी वर्षं कुणी काढलंच नव्हतं. मधल्याला केबल लावली, जुना डीव्हीआयवर आणला. सेटिंग्ज पहिल्या फटक्यात सेव्ह. तिन्ही चालू.

दोन प्रश्न. एक, केबल परत काढताना निघेना, ओढायची भीती वाटली. दोन, मधला मॉनिटर बटणाने बंद केला की त्यावरच्या सगळ्या खिडक्या डावीकडच्यावर जाऊन पडतात. डीव्हीआयवर असं कधी होत नव्हतं.

तांबडी वायर:
अजिबात ओढू नका. प्लगच्या सपाट बाजूला एक खटका असतो, तो दाबून धरला की आतले दोन आकडे खाली बसतात आणि केबल सुटते. कार्डाच्या बाजूला खटका कधी शेजारच्या डीव्हीआयच्या प्लगआड जातो, तेव्हा आधी डीव्हीआयचे स्क्रू सोडवून तो प्लग काढा. हिसका मारला तर कार्डाचं तोंडच हलतं.

खिडक्यांचं म्हणाल तर, डिस्प्लेपोर्टवरचे बरेच मॉनिटर बटणाने बंद केले की केबल उपटल्यासारखे नाहीसे होतात. विंडोज तिथल्या खिडक्या उरलेल्या स्क्रीनवर हलवतं. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मल्टिपल डिस्प्लेजखाली खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तो चालू आहे का बघा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही काही मॉडेलांना डिस्प्लेपोर्टच्या डीप स्लीपचा पर्याय असतो, तो बंद करून बघा.

एवढं करूनही खिडक्या पळाल्या तर मधला परत डीव्हीआयवर आणा आणि डावा डिस्प्लेपोर्टवर न्या. मग पळाली तर लेखकाची फाइल पळेल, लावलेलं पान जागचं हलणार नाही.

उगाच एक:
म्हणजे स्प्लिटर नकोच?

तांबडी वायर:
नको हो.