मदत हवी आहे: बिनअंड्याचा लो-कार्ब ब्रेड तिसऱ्यांदा बसला

पीठमळणी:
तिसरा ब्रेड काल कचऱ्यात गेला. ओव्हनमध्ये असताना छान फुगतो, काचेतून बघून मी खूश होते. बाहेर काढला की दहा मिनिटांत मधोमध खाली बसतो. कापायला घेतला तर आत ओला, सुरीला चिकटतो. वरचं कवच मात्र कडक, आणि कवचाखाली बोट जाईल एवढी पोकळी. कृती तंतोतंत पाळली आहे. अंडी नकोत, कार्ब कमी हवेत. काय चुकतंय? उद्या परत करायचाय, प्लीज लवकर सांगा. बदाम फुकट येत नाहीत.

काजळमाया:
कुठलं पीठ, किती, किती डिग्री, किती वेळ? 'कृती' म्हणजे कुठली? आम्हाला काय स्वप्न पडणार आहे?

पीठमळणी:
बदामाचं पीठ, अजून कशाचं असणार! दोन कप. पाच मोठे चमचे इसबगोल, जवस, बेकिंग पावडर, व्हिनेगर, मीठ, एक कप उकळतं पाणी. १८० वर ४५ मिनिटं. काडी कोरडी येते हो, ते सगळं मी बघते.

रामभरोसे:
दोन अंडी फेटून घाला. बसणार नाही, गॅरंटी.

पीठमळणी:
शीर्षक वाचा. मुलीला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे.

रामभरोसे:
हे आधी सांगायचं ना. मग पिकलेलं केळं घाला. आमच्याकडे केकमध्ये घालतात, मस्त होतो.

काजळमाया:
केळ्यात शंभर ग्रॅममागे २०-२२ ग्रॅम कार्ब असतात. मग लो-कार्ब कसला राहिला?

ओलीसुकी:
मूळ कृतीत अंडी होती का?

पीठमळणी:
होती, तीन. त्याजागी जवसाची 'अंडी' केली. प्रत्येक अंड्याला एक चमचा जवसाची पूड, तीन चमचे पाणी. सगळीकडे हेच प्रमाण देतात.

ओलीसुकी:
तिथेच गोम आहे. तीन अंड्यांतून साधारण १८-१९ ग्रॅम प्रथिनं जातात. ती तापली की घट्ट होतात आणि वाफेने पडलेली भोकं तशीच धरून ठेवतात. जवसाचा चिकटा पाणी धरतो, पण तापून टणक होत नाही. म्हणजे तुमचा ब्रेड वाफेवर उभा आहे. वाफ निवली की तो खाली येणारच. वर नऊ चमचे पाणी म्हणजे १३५ मिली. तेवढं पाणी तीन अंड्यांतही जवळपास असतं, पण तिथे त्याला धरून ठेवणारं कोणी तरी होतं.

आता खरं सांगा, इसबगोल अख्खा भुसा की भुकटी?

पीठमळणी:
भुकटी. दोन्ही एकच ना? दळलेलं एवढंच.

ओलीसुकी:
वजनाला एकच, चमच्याला नाही! एक मोठा चमचा भुसा पाचेक ग्रॅम, भुकटी नऊ-दहा. कृतीत बहुतेक भुसा असणार. तुम्ही २५ च्या जागी ४५ ग्रॅम घातलीत. रबर होणार नाही तर काय! वजनकाटा वापरा, कप-चमचे विसरा.

ग्लुटेनराव:
एवढी खटपट कशाला? गव्हाचं शुद्ध ग्लुटेन आणा. ७५-८० टक्के प्रथिनं असतात. बदामाच्या पिठात थोडं मिसळून मळा, यीस्ट घाला. खऱ्या ब्रेडसारखा ताणला जातो. मी चार वर्षं हेच करतोय. इसबगोलवाल्यांचा ब्रेड म्हणजे ओला स्पंज.

ओलीसुकी:
तुमचा चांगला होत असेल, पण घरात कोणाला सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन न चालणारा आजार, आहे का ते तरी विचारा. आणि यीस्ट खाणार काय? साखर द्यावी लागते.

ग्लुटेनराव:
एक छोटा चमचा साखर, चार ग्रॅम. त्यातली बरीचशी यीस्टच खाऊन टाकतं. पूर्ण लादीत त्याचा काय हिशेब? उगाच घाबरवू नका.

ओलीसुकी:
ग्लुटेन असेल तर ठीक. नुसत्या बदामाच्या पिठात यीस्टचा वायू धरायला जाळीच नाही, फक्त वास चांगला येईल.

दुपारचाचहा:
अवांतर: ब्रेड मशीन घ्यावं का? कोणतं चांगलं?

पीठमळणी:
माझा प्रश्न राहू द्या कडेला, तुम्ही भांडा! गहू आमच्याकडे चालतो, पण ग्लुटेन आज रात्रीत कुठून आणू? आणि लो-कार्ब नवऱ्यासाठी आहे, शुगर आहे त्याला.

शंखपुष्पी:
गोळ्या चालू आहेत का? शुगर कमी करणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कार्ब एकदम घटवले तर साखर फार खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि इसबगोल खाताना पाणी भरपूर हवं. इतर गोळ्यांच्या बरोबर लगेच खाऊ नये, त्यांचं शोषण अडतं.

पीठमळणी:
डॉक्टरांना माहीत आहे. गोळ्यांच्या वेळेचं आजवर कोणी बोललं नव्हतं, धन्यवाद. आता ब्रेडचं बोला.

काजळमाया:
ओव्हन कसला आहे? पंख्याचा?

पीठमळणी:
मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड. हेही सांगायचं होतं का?

काजळमाया:
🙂 अर्ध्या धाग्याचं उत्तर यातच आहे. पंख्याने कवच लवकर धरतं, आतली वाफ कोंडते, म्हणून ती पोकळी. १६५-१७० वर ठेवा, अर्ध्या वेळेनंतर फॉइल झाका, एकूण सव्वा तास तरी द्या. आणि काडीवर विश्वास नको, इसबगोलात ती खोटं बोलते. थर्मामीटर असेल तर आतून ९६-९८ डिग्री बघा. नसेल तर वजन करा. माझी ९०० ग्रॅमची लादी ७८० पर्यंत उतरली की मी बाहेर काढते.

ओलीसुकी:
+१. शिवाय तुमच्यासाठी लादीऐवजी छोटे बन करा. वाफेला बाहेर पडायला वाट जवळची. जवसाची पूड राहू दे, तिच्यासाठीचं वेगळं पाणी काढून टाका. बेकिंग पावडर कोरड्या पिठात, व्हिनेगर शेवटी, आणि मग बडबड न करता थेट ओव्हनमध्ये. भाजल्यावर साच्यातून काढून जाळीवर ठेवा. दोन तास हात लावू नका. गरम कापला की चिकटच वाटतो, कितीही शिजलेला असो.

पीठमळणी:
दोन तास??? मी तर दहा मिनिटांत कापत होते.

ग्लुटेनराव:
घ्या. इतका वेळ इथे प्रबंध लिहिला गेला आणि बाई गरम ब्रेड कापत होत्या.

ओलीसुकी:
न कापता बसत होता हो, वर वाचा.

(दुसऱ्या दिवशी)

पीठमळणी:
अपडेट. २५ ग्रॅम भुकटी काट्यावर मोजून घातली, जास्तीचं पाणी काढलं, सहा बन केले. ते लहान म्हणून १६५ वर ५५ मिनिटांतच काढले. बसले नाहीत! पोकळी नाही. तळ अजून किंचित ओलसर आहे, पण टोस्ट केल्यावर कळत नाही. एकच गोष्ट, आतून जांभळे झालेत. बिघडले का?

ओलीसुकी:
नाही. काही इसबगोल भाजल्यावर जांभळट होतात. खायला काही अपाय नाही. डोळ्यांना खुपत असेल तर दुसऱ्या कंपनीचं आणून बघा. तळासाठी पुढच्या वेळी शेवटची दहा मिनिटं बन उलटे करून ठेवा.

पीठमळणी:
मुलीने जांभळे म्हणून दोन खाल्ले. ज्याच्यासाठी केले तो म्हणतो, आधी तू खा.

दुपारचाचहा:
मशीनचं कोणी सांगितलं नाही.