दुभत्या गाईचे गोचीड: आयव्हरमेक्टिन की रोगर?

प्रश्न (करवीर): एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय दिवसाला १५ लिटर दुधावर आहे, सोबत एक कालवड. कासेजवळ, कानात, शेपटीखाली गोचीड भरलेत. आयव्हरमेक्टिन १ टक्का (गोचीड-जंतांवरचं इंजेक्शन) दोघींना टोचलं तर चालेल का? इथं काहीजण रोगर पाण्यात कालवून अंगाला फासतात. तेही रक्तात भिनतंच ना?

उत्तर १: रोगरला हातसुद्धा लावू नका. ते डायमेथोएट, पिकावरच्या माव्याचं औषध. कातडीतून आत जातं, शिवाय गाय अंग चाटते. विषबाधेची लक्षणं: लाळ गळणं, डोळ्याची बाहुली बारीक होणं, पातळ हगवण, अंग थरथरणं, मग धाप. आधीच लावलं असेल तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं धुवा आणि लगेच डॉक्टर बोलवा. उतारा अ‍ॅट्रोपिन, पण गाईला तो फार लागतो: किलोला ०.२५ मिग्रॅ धरला तरी ४०० किलोला १०० मिग्रॅ, म्हणजे ०.६ मिग्रॅच्या एक मिलीच्या दीडशेवर अ‍ॅम्प्युल! फोनवरच विषबाधा सांगा, म्हणजे डॉक्टर साठा घेऊन येतील.

उत्तर २: आयव्हरमेक्टिन फक्त कालवडीला. ते चरबीत विरघळतं, म्हणून दुधात उतरतं आणि उकळूनही जात नाही. कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्यांच्या गावात तर हे नकोच. डोस ५० किलोला १ मिली, कातडीखाली. शिरेत कधीच नाही. वजन अंदाजानं धरू नका. छातीचा घेर × घेर × लांबी (खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत), सगळं इंचात, भागिले ६६०. घेर ६०, लांबी ५२ असेल तर २८४ किलो, म्हणजे ५.७ मिली. गोचीड रक्त प्यायल्यावरच मरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी अंगावर दिसले म्हणून परत टोचू नका.

उत्तर ३: दुभत्या गाईच्या अंगावर अमिट्राझ १२.५ टक्के (गोचीडनाशक), लिटर पाण्याला २ मिली, डॉक्टरांना विचारून फवारा. धार काढून झाल्यावर, सावलीत, कानाच्या आत आणि शेपटीखालीही. पुढच्या धारेआधी कास धुवा. घोड्याला मात्र हे औषध चालत नाही.
खरी फौज गोठ्यात असते. पोट भरलेली मादी खाली पडून भेगांत हजारो अंडी घालते. गव्हाणीच्या सांध्यांवर, दगडी भिंतीच्या फटींवर फ्लेम गन (ज्वाळा सोडणारं यंत्र) फिरवा (जनावरं बाहेर, वैरण लांब), मग भेगा सिमेंटनं बुजवा. १४ दिवसांनी गाईवर फवारणी पुन्हा.