मदत हवी आहे: वय ४४, तालुक्याचं कॉलेज, संशोधनासाठी पैसे आता मागायचे कुठे?

राखेतला_रसायनवाला:

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यातल्या एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. अकरा वर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) काढली. कायम झालो तेव्हा चाळिशी उलटून गेली होती.

बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेवर आयर्न ऑक्साइड चढवून इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसच्या सांडपाण्यातला रंग काढायचा, हे माझं काम. लॅबच्या ओट्यावर चार बाटल्या ओळीने ठेवल्यात. पहिलीत गर्द निळं पाणी, चौथीतून पलीकडचा पेपर वाचता येतो. पण हे आकड्यात सांगायला स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंगाची तीव्रता मोजायचं यंत्र) लागतो आणि आमचा दोन वर्षं बंद आहे. मग नमुने पिशवीत घालून एसटीने शिवाजी विद्यापीठात.

जुने सर सांगतात, त्यांच्या वेळी यूजीसीचा मायनर प्रोजेक्ट असायचा, विज्ञानाला पाच लाखांपर्यंत. ते दार बंद झालं. सर्बची (विज्ञान संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं मंडळ) सवय होतेय तोवर सर्बच गेलं. २०२३ च्या कायद्याने त्याच्या जागी एएनआरएफ (राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान) आलं, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो कायदा लागू. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी, ही बातमी स्टाफरूममध्ये मीच मोठ्याने वाचून दाखवली होती. त्यातले छत्तीस हजार कोटी उद्योग आणि इतर खाजगी स्रोतांकडून यायचे आहेत, हे खालच्या ओळीत होतं.

आता माझं गाडं अडलंय ते असं. एएनआरएफची पीएमईसीआरजी (नव्या संशोधकांसाठीची योजना) तीन वर्षांना साठ लाखांपर्यंत देते, पण वय ४२ च्या आत हवं. मी खुल्या प्रवर्गातला, म्हणजे सवलतही नाही. त्यांच्याच पेअर योजनेत हबला, म्हणजे मोठ्या संस्थेला, जोडायचे ते विद्यापीठं वगैरे, आमच्यासारखं संलग्न कॉलेज त्यात कुठे बसणार? राज्य विद्यापीठं आणि कॉलेजांसाठी सर्बची श्युअर होती, तीस लाखांची. तिच्या नव्या फेरीबद्दल कोणाला पक्कं माहीत आहे का? त्यात आमचे प्राचार्य प्रभारी. हमीपत्रावर सही मागितली की म्हणतात, "सर, कायमचे प्राचार्य येऊ देत."

उलटा_कंडेन्सर:

सर, आधी एक गोष्ट. एएनआरएफची एआरजीही आहे, म्हणजे सर्बच्या जुन्या सीआरजी अनुदानाच्या जागी आलेली योजना. तिथे आयआयटी, आयसरवाल्यांशी थेट सामना आहे. एकट्याने टाकू नका. विद्यापीठातला कोणीतरी सहप्रमुख अन्वेषक (प्रकल्पातला जोडीदार संशोधक) घ्या आणि मोजमाप तिकडच्या उपकरणांवर करू असं लिहा, म्हणजे यंत्राचा खर्चच निघून जातो. आणि पंचगंगेचा प्रश्न तुमच्या दारात आहे, तो पहिल्या परिच्छेदात आणा. 'नॅनो' शब्द सतरा वेळा लिहिलेले प्रस्ताव मी वाचलेत, परीक्षक कंटाळतो हो. स्थानिक प्रश्नासाठी राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडेही चौकशी करा.

हिशेबनीस:

मी प्रोजेक्टचे हिशेब बघायचो, आता निवृत्त. विज्ञान मला कळत नाही, पण पैसा कुठे अडकतो ते कळतं.

तीस लाख ऐकायला मोठे वाटतात. एक जेआरएफ (प्रकल्पावरचा पगारी संशोधक विद्यार्थी) धरा. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० म्हणजे ८ लाख ८८ हजार, तिसऱ्या वर्षी ४२,००० ने ५ लाख ४ हजार. झाले की जवळजवळ चौदा लाख, घरभाडं वेगळंच.

पूर्वी हप्ता कॉलेजच्या खात्यात यायचा आणि निवांत पडायचा. आता खर्चाची मर्यादा मिळते, पैसा वरच राहतो. एका प्रकल्पाला आमच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटी मर्यादा आली. निविदा काढेपर्यंत ३१ मार्च उजाडला आणि उरलेली मर्यादा गेली. म्हणून मंजुरीची वाट न बघता कोटेशन आणि तपशील आधीच तयार ठेवा. कोटेशन करासकट मागा. जुलै २०२२ मध्ये उपकरणांवरची ५ टक्के जीएसटीची सवलत गेली, तेव्हा जुन्या कोटेशनवर बजेट केलेल्यांची फार ओढाताण झाली. संशोधन अनुदानावरचा जीएसटी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये माफ झाला, पण ती गोष्ट वेगळी. लोक दोन्हींची गल्लत करतात.

राखेतला_रसायनवाला:

दोघांचेही आभार. हिशेबनीस काका, एकच शंका. जून २०२५ मध्ये केंद्राने संशोधनाच्या खरेदीचे नियम सैल केले ना? कोटेशनशिवाय थेट खरेदी एका लाखावरून दोन लाखांपर्यंत, शिवाय वैज्ञानिक उपकरणांना जेमची (सरकारी खरेदीच्या पोर्टलची) सक्तीही ढिली. आमचे हेडक्लार्क अजून फिल्टर पेपरला तीन कोटेशनं मागतात. आदेशाची प्रत काढून त्यांच्या टेबलावर ठेवू का?

हिशेबनीस:

ठेवा, पण आधी मंजुरीपत्राच्या अटी वाचा. तो आदेश केंद्राच्या खात्यांपुरता काढलेला आहे. राज्याच्या अनुदानित कॉलेजला तो आपोआप लागू होतो असं धरून खरेदी केलीत, तर ऑडिटवाला तुम्हालाच धरेल. आणि हेडक्लार्कशी भांडू नका. उपयोगिता प्रमाणपत्र तेच टाइप करणार आहेत.

राखेतला_रसायनवाला:

खरंय. शनिवारी चारही बाटल्या घेऊन कोल्हापूरला जातोय. पर्यावरण किंवा केमिकल इंजिनिअरिंगकडचं कोणी सहप्रमुख अन्वेषक व्हायला तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.