मदत हवी आहे : एआयच्या ट्रेनिंगमध्ये प्रशिक्षकाने नेमकं काय शिकवावं?

नमस्कार मंडळी,

मी एका कंपनीत अंतर्गत प्रशिक्षक आहे. ग्राहकसेवा आणि अकाउंट्स या दोन विभागांना एआय वापरायला शिकवण्याचं काम माझ्याकडे आलंय. वरून अपेक्षा अशी की प्रत्येक बॅचचं एकच छोटं सेशन घ्यायचं, चांगला प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, कसा लिहायचा ते दाखवायचं आणि शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घ्यायचा.

एवढ्याने भागेल असं मला अजिबात वाटत नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं तेव्हापासून बरेच जण ते आपलं आपण वापरतातच, प्रॉम्प्टच्या युक्त्याही एकमेकांना विचारून शिकतात. खरी अडचण पुढे आहे. आधीच्या शब्दांवरून पुढे काय येण्याची शक्यता जास्त, या हिशेबाने चॅटजीपीटीसारखी टूल्स मजकूर तयार करतात. त्यामुळे चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतकंच सुबक आणि ठाम दिसतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड ओढवून घेतला. त्यातल्या एकाला वकिलीचा तीसेक वर्षांचा अनुभव होता, आणि खटले खरे आहेत का हे त्याने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं! उत्तर त्याच टूलला विचारून तपासता येत नाही, बाहेरच्या मूळ कागदाशी ताडून बघावं लागतं, ही सवय लावणं मला माझं मुख्य काम वाटतं.

पण ती लावायची कशी? आमच्याच कामातले नमुने घेऊन, ग्राहकांची माहिती काढून टाकून, एआयची उत्तरं वाटायची आणि चुका शोधायला लावायच्या असं डोक्यात आहे. मात्र वर्गात सगळ्यांना माहीत असतं की चूक आहे, म्हणून ती सापडते. प्रत्यक्ष कामाला बसल्यावर कोण सांगणार?

दुसरं म्हणजे, प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारणारच, "मॅडम, आमच्या नोकऱ्या राहतील ना?" तो निर्णय माझ्या हातात नाही. खोटा धीर द्यायचा नाही, पण माणसं घाबरून गप्प बसली तर शिकणारही नाहीत. काय उत्तर द्यावं?

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे. यंत्राने काम करायचं आणि माणसाने नुसतं लक्ष ठेवायचं, हे माणसाला फार वेळ जमत नाही, असं मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं. म्हणून नमुन्यांच्या काही संचांत एकही चूक ठेवू नका, म्हणजे चूक असणारच असं कोणाला धरून चालता येणार नाही. आणि "बरोबर की चूक" असं विचारण्याऐवजी "कशावरून ठरवलं" ते लिहायला सांगा. कुठलं बिल पाहिलं, कुठला नियम उघडला, ते. गुण त्यालाच द्या.

फीडबॅक फॉर्मवर विसंबू नका. प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्याच्या कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्यांत तो पहिल्या पातळीवर येतो, लोकांना सेशन आवडलं की नाही एवढंच त्यातून कळतं. वागणूक बदलली का, ही तिसरी पातळी. त्यासाठी महिन्याभराने टेबलापाशी जाऊनच बघावं लागेल.

नोकरीबद्दल मी सरळ सांगतो की ते मी ठरवत नाही. मग प्रत्येकाला स्वतःच्या कामांची यादी करायला लावतो आणि कुठल्या कामात चूक झाली तर कोणाला निस्तरावी लागते, यावर बोलतो. तिथे मंडळी मोकळी होतात. ग्राहकसेवेतल्या ५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात एआयचा फायदा नवख्यांना सर्वाधिक झाला, मुरलेल्यांना फारसा नाही. त्या टूलचे सल्ले उत्तम कर्मचाऱ्यांच्या संभाषणांवरूनच घडले होते. तेव्हा तुमच्याकडच्या जुन्या जाणत्यांना श्रोते म्हणून बसवू नका, चुकांचे नमुने त्यांच्याकडून तयार करून घ्या.

प्रतिसाद

टूलमध्ये काय टाकायचं नाही हे आधी शिकवा. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा टूल्सवर बंदी घातली.

सगळ्यांना एकच सेशन पुरेसं नाही हे वरच्यांना पटवायचं असेल, तर युरोपीय संघाच्या एआय कायद्याचं कलम ४ दाखवा. ते २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालं. कर्मचाऱ्याचं ज्ञान, अनुभव आणि टूल कुठे वापरलं जाणार आहे हे लक्षात घेऊन प्रशिक्षण द्यावं, असं ते म्हणतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. "कशावरून ठरवलं" हा प्रश्न लगेच घेते, आणि अकाउंट्समधल्या दोन अनुभवी सहकाऱ्यांना नमुने करायला विचारते.

एक गोष्ट अजून अडते. दिवसाला किती कॉल उरकले यावरच लोकांचं मूल्यमापन होत असेल, तर मी कितीही शिकवलं तरी तपासायला थांबणार कोण? तपासणीचा वेळ टार्गेटमध्ये धरायला कोणी मॅनेजमेंटला राजी केलं असेल, तर काय मांडलंत आणि कोणापुढे, ते जरूर लिहा.