पाहुणे आणि पाणी: नावेतून शहर दाखवलंय का कुणाला?

धागा काढायचं कारण आत्या. ती सांगलीहून लंडनला येऊन तीन आठवडे आमच्याकडे राहून गेली. आमच्याकडे म्हणजे नॅरोबोटवर, कालव्यातल्या अरुंद होडीत. रुंदी जेमतेम सात फूट, लांबी भरपूर. आगगाडीच्या डब्यात संसार मांडावा तशी. कायमची जागा भाड्याने घ्यायची ऐपत नाही, म्हणून फिरता परवाना. फार तर चौदा दिवस एका जागी, मग पुढे. हे फोनवर ऐकून आत्या म्हणाली, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तुमचं पाण्यावर. आम्ही होडीत बसतो ते पूर आला की." २०१९च्या ऑगस्टात तिला घराच्या वरच्या मजल्यावरून होडीनेच काढलं होतं, त्यामुळे मला धाकधूक होती.

आल्या दिवशी मी नियम सांगायला लागले. पाणी टाकीतलं, जपून वापर. तिने मध्येच तोडलं, "टाकी किती लिटरची?" इथले मित्र दोन रात्री राहिले की नळ सूं करायला लागतो. आत्याने तांब्या-बादली मागितली, आणि तीन आठवड्यांत पाणी भरायला आम्ही दोनदाच थांबलो. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी छतावरच्या कोथिंबिरीला. गोची झाली ती संडासाच्या कॅसेटची, म्हणजे खालच्या सुट्या डब्याची. ती उचलून न्यायची, ठरलेल्या जागी रिकामी करायची, धुवायची. नवरा घेऊन निघाला तर आत्या तोंड फिरवून बसली. "जावयाने हे काम करायचं, आणि मी वर जेवायचं?"

शहर दाखवायला बिग बेनला वगैरे नेलंच, त्यात काही विशेष नाही. खरी सहल लिटल व्हेनिस ते व्हिक्टोरिया पार्क, रीजंट्स कालव्यातून. हा कालवा १८२०चा. प्राणिसंग्रहालय वाटेत काठालाच लागतं, तिकीट न काढता जेवढं दिसेल तेवढं दिसतं. कॅम्डनपासून लॉक सुरू होतात. होडी दोन दारांच्या हौदात घ्यायची, पाणी सोडायचं, होडी खाली उतरली की पुढचं दार उघडायचं. उतरताना मागच्या दाराच्या पाण्याखालच्या उंबऱ्यापासून पुढे राहायचं, नाहीतर होडीची शेपूट त्यावर अडकते. मी सुकाणूवर, नवरा काठावर हँडल फिरवत. दार उघडायला लाकडाचा भला मोठा आडवा दांडा पाठीने रेटावा लागतो. आत्या स्पोर्ट्स शूज घालून काठावर उभी होती. न सांगता पदर खोचला, दांड्याला पाठ लावली आणि लागली रेटायला. कॅम्डनचे पर्यटक आमचा कालवा सोडून तिचेच फोटो काढायला लागले.

पुढे इस्लिंग्टनचा बोगदा, ८७८ मीटर. आत एकाच होडीपुरती जागा, समोरून दिवा येत नाही हे बघून शिरायचं. आत वरून टपटप पाणी, इंजिनाचा आवाज दुप्पट. आत्याने रामरक्षा सुरू केली. दोनदा म्हणून झाली तरी पलीकडचं भोक रुपयाएवढंच होतं. "अगं, तुझी ही होडी जरा जोरात नाही का जात?" नाही जात, आत्या. चालणाऱ्या माणसाएवढीच जाते.

तुमचे अनुभव सांगा. पाहुणे कोण, पाणी कुठलं, काय फजिती झाली.

*

आम्ही काशीचे मराठी, ब्रह्माघाटाजवळ पिढ्यान् पिढ्या. पाहुणा आला की नाव ठरलेली. पुण्याचे चुलतसासरे आले तेव्हा मोटरची नको म्हणून हट्टाने वल्ह्याची घेतली. इथे गंगा उत्तरवाहिनी, त्यामुळे ब्रह्माघाटावरून दशाश्वमेधला जायचं म्हणजे धारेच्या उलट. मल्लाह घामाघूम आणि हे एकेक घाट मोजतायत. भोसले घाट नागपूरकरांचा. शिंदे घाट बायजाबाईंनी १८३०च्या सुमारास बांधला, तो स्वतःच्याच वजनाने खचला. शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ आजही कलतं आहे. मणिकर्णिकेपाशी दोन मिनिटं गप्प बसले. मग अहिल्याबाईंचा वाडा दिसला आणि म्हणाले, "अर्धी काशी आपणच बांधली की!" मल्लाहाला मराठी बरंच कळतं. वल्हं न थांबवता म्हणाला, "तो बाबूजी, किराये में इतना मोलभाव काहे किये?" त्यांनी उतरताना शंभर जास्त दिले, आणि घरी येईपर्यंत त्याबद्दल कुरकुरले.

*

मुंबई, नागपूरचे मामा. पहिली चूक माझी: सोमवारी नेलं. घारापुरी सोमवारी बंद. गेटवेवरच भेळ खाऊन परत. मंगळवारी लाँच मिळाली, तासभर लागतो. गेटवेला लाँच एकमेकींना खेटून लावतात, पहिल्या दोन ओलांडून तिसरीत चढायचं. मामा सत्तरीचे. खलाशाने हात धरला तर म्हणतात, "मले कायले धरतं? पोट्ट्याले धर." पोट्टा म्हणजे मी, वय पंचेचाळीस. बेटावर शंभराच्या वर पायऱ्या, माकडाने लिंबूपाण्याची बाटली पळवली, त्रिमूर्तीपुढे मात्र बराच वेळ हलले नाहीत. परतताना विचारलं, "सारं ठीक हाय, पण हत्ती कुठी हाय?"

पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव दिलं तो दगडी हत्ती बेटावर नाहीच. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलायला गेले, क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले. १९१४ मध्ये जोडला. आता भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. तर गुरुवारी भायखळा. एका बेटासाठी तीन दिवसांची रजा गेली.

*

गेटवेचं वाचून लिहितेय. गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला तिथे नेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. आईला मी कोचीला वॉटर मेट्रोने फिरवलं. २०२३ ला सुरू झाली. तिथला धक्काच तरंगता आहे, भरती-ओहोटीबरोबर बोटीसारखाच वरखाली होतो, त्यामुळे पाय उचलून टाकावाच लागत नाही. एसी आहे. आईचं म्हणणं, बोटीत बसल्यासारखं वाटलंच नाही. तिने ते कौतुकाने म्हटलं, मला मात्र थोडं वाईट वाटलं.

*

सिडनी, मॅनलीची फेरी, अर्ध्या तासाची. बंदराचं तोंड आलं की समुद्राच्या लाटा बाजूने लागतात, हे सासऱ्यांना आधी सांगायला हवं होतं. डब्यात मिसळ होती. यापुढे लिहीत नाही.

*

धागाकर्ती परत. आत्याने लाइफ जॅकेट घातलं होतं का, असं विचारलंय. घातलं होतं. कालवा बहुतेक ठिकाणी फार खोल नाही, पण तिला पोहता येत नाही, म्हणून मी अडून बसले. तीही अडून बसली. शेवटी जॅकेट घातलं, पण पदर त्याच्यावरून घेतला. त्यामुळे कॅम्डनच्या कुठल्याच फोटोत जॅकेट दिसत नाही, नुसती जाडजूड आत्या दिसते, आणि तो फोटो मी गावातल्या ग्रुपवर टाकला याचा राग अजून गेलेला नाही.